प्रतिमा आणि नकाशा: सुदूर संवेदन व भौगोलिक माहिती प्रणाली यांचा मेळ

सुदूर संवेदन म्हणजे एखाद्या वस्तूला स्पर्श न करता, तिच्याकडून येणाऱ्या प्रारणांच्या नोंदीवरून तिच्याविषयी माहिती मिळवणे. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे रूढ भाषेत जीआयएस, ही पृथ्वीवर ठावठिकाणा असलेली माहिती संगणकात साठवण्याची, परस्परांशी ताडून पाहण्याची आणि नकाशाच्या रूपात मांडण्याची पद्धत. दोन्ही विषय बहुधा एकाच विभागात, एकाच अभ्यासक्रमात शिकवले जातात, त्यामुळे ते एकच आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या गरजांतून जन्मले, आणि दोघांच्याही ज्ञानात एक-एक मोठी पोकळी आहे. उपग्रहाच्या प्रतिमेत कृष्णा नदी दिसते, तिचा पसरलेला पूरही दिसतो. पण पाण्याखाली गेलेले शेत कोणत्या गावच्या शिवारातले, त्याचा गट क्रमांक कोणता, शेजारच्या वस्तीत माणसे किती, हे प्रतिमा सांगू शकत नाही. जीआयएसमध्ये ही सगळी माहिती असते. पण ते शेत आज कोरडे आहे की बुडाले आहे, हे तिला आपणहून कळत नाही. एकाची उणीव नेमकी तिथेच आहे, जिथे दुसऱ्याचे बळ आहे. म्हणूनच या दोहोंचा मेळ हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो.

जीआयएसची सुरुवात कॅनडात झाली. त्या अवाढव्य देशातील जमिनीची पाहणी करून ती शेती, जंगल, वन्यजीव अशा कोणत्या उपयोगाला योग्य आहे हे ठरवायचे होते. कागदी नकाशे एकावर एक ठेवून हे काम उरकणे अशक्य होते, म्हणून रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६०च्या दशकात ते संगणकावर नेले. सुदूर संवेदनाचा उगम याहून जुना, विमानातून काढलेल्या छायाचित्रांत आहे. भारतातील पहिला लक्षणीय प्रयोग १९७० सालचा. केरळमधील नारळाच्या बागांना मूळकुजीसारख्या रोगाने ग्रासले होते. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक राहिलेले पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरणांना संवेदनशील अशा फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली आणि रोगट झाडे निरोगी झाडांपासून वेगळी ओळखता आली. जुलै १९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह कक्षेत गेला, १९७९ मध्ये भारताचा भास्कर-१, आणि १७ मार्च १९८८ रोजी बैकोनूरहून आयआरएस-१ए. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. तोवर प्रतिमा टेबलावर पसरून, पारदर्शक कागदावर पेन्सिलीने सीमा आखून वाचल्या जात. १९९०च्या दशकात संगणक स्वस्त झाले तेव्हाच प्रतिमा आणि नकाशा खऱ्या अर्थाने एका पडद्यावर आले.

उपग्रहाला नेमके काय दिसते, हे आधी समजून घेतले पाहिजे. सूर्यप्रकाश जमिनीवर पडतो. त्यातला काही शोषला जातो, काही परावर्तित होतो. प्रत्येक पृष्ठभाग वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात परत पाठवतो. हिरव्या पानातले हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, पण पानाच्या आतील पेशींची रचना डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. पाणी निकट अवरक्त प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळते. काळी कसदार जमीन सगळ्याच पट्ट्यांत कमी परावर्तन करते, मुरमाड माळ त्याहून जास्त. निकट अवरक्त आणि तांबडा यांच्यातील फरकाला त्यांच्याच बेरजेने भागले की उणे एक ते अधिक एक या मर्यादेतला आकडा मिळतो. हाच वनस्पती निर्देशांक. दाट, निरोगी पिकाचा निर्देशांक ०.६ च्या वर जातो, उघड्या जमिनीचा शून्याच्या थोडा वर राहतो, पाण्याचा बहुधा उणे येतो. ही एक साधी वजाबाकी-भागाकाराची रीत, पण दुष्काळाच्या मूल्यमापनापासून पीकविम्यापर्यंत तिचा वापर होतो.

मात्र सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या, म्हणजे प्रकाशीय, उपग्रहांना ढगापलीकडचे दिसत नाही, आणि महाराष्ट्रात खरिपाचे सगळे आयुष्य ढगांखालीच जाते. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन ऑक्टोबरमध्ये काढणीला येईपर्यंत त्याची एकही संपूर्ण निरभ्र प्रतिमा न मिळण्याचे प्रसंग येतात. येथे रडार उपयोगी पडते. रडार स्वतःच सूक्ष्मतरंग सोडते आणि परत येणारा अंश मोजते. त्याला ना सूर्य लागतो, ना निरभ्र आकाश. युरोपचा सेंटिनेल-१, भारताचे रिसॅट-१ आणि ईओएस-०४ हे या जातीचे उपग्रह. रडारची प्रतिमा रंग सांगत नाही. ती पृष्ठभागाचा खडबडीतपणा, त्याची रचना आणि ओलावा सांगते. ती वाचायला वेगळा सराव लागतो.

प्रतिमेचा सर्वांत लहान घटक म्हणजे पिक्सेल. त्याचा आकार मीटरमध्ये सांगितला की वाचणाऱ्याच्या मनात काही उमटत नाही. गुंठ्यात सांगितला की लगेच कळतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. युरोपच्या सेंटिनेल-२ या प्रकाशीय उपग्रहाच्या १० मीटर पिक्सेलचे क्षेत्र १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठाच. लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल नऊ गुंठ्यांचा. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-३ या संवेदकाचा साडेपाच गुंठ्यांचा, लिस-४ चा गुंठ्याच्या एक-तृतीयांश, आणि अविफ्स या रुंद पट्टा टिपणाऱ्या संवेदकाचा ३१ गुंठ्यांचा, म्हणजे पाऊण एकराहून थोडा मोठा. आता वीस गुंठ्यांच्या शेताचा विचार करावा. ते चौरस धरले तरी त्याची बाजू ४५ मीटर भरते. सेंटिनेल-२ च्या प्रतिमेत त्यावर वीसेक पिक्सेल पडतात, पण पूर्णपणे त्याच शेतातले त्याहून बरेच कमी. उरलेल्या पिक्सेलमध्ये बांध, बांधावरची बाभूळ आणि शेजाऱ्याचे पीक मिसळलेले असते. वाटण्या होत होत लहान झालेल्या शेतांच्या प्रदेशात ही मिसळ हीच मुख्य अडचण आहे. परदेशातील शंभर एकरांच्या शेतांवर तपासलेली पद्धत जशीच्या तशी इथे वापरली की ती फसते ती याच कारणाने.

आता जीआयएसची बाजू. तिच्यात माहिती दोन रूपांत राहते. रास्टर रूपात सगळा प्रदेश चौकटींत विभागलेला असतो आणि प्रत्येक चौकटीत एक मूल्य असते. उपग्रह प्रतिमा हे रास्टरच. व्हेक्टर रूपात बिंदू, रेषा आणि बहुभुज असतात: विहीर बिंदू, ओढा रेषा, गट बहुभुज. प्रत्येक आकृतीला एक तक्ता जोडलेला असतो. विहिरीच्या बिंदूवर टिचकी मारली की तिची खोली, मे महिन्यातली पाण्याची पातळी आणि खडकाचा प्रकार समोर येतो. असे अनेक थर एकमेकांवर ठेवून त्यांना प्रश्न विचारता येतात: ओढ्यापासून दोनशे मीटरच्या आत, पाच अंशांपेक्षा कमी उताराची आणि उथळ माती नसलेली जमीन कुठे आहे? हा प्रश्न प्रतिमेला विचारता येत नाही, नुसत्या तक्त्यालाही नाही.

थर एकमेकांवर बसण्याची अट एकच, पण कठोर: प्रत्येकाचा जागेचा संदर्भ तोच हवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लंबगोलावर आधारलेले आहेत. उपग्रह आणि मोबाइलमधील जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हा संदर्भ वापरतात. दोन्हींचे अक्षांश-रेखांश आकड्यांनी सारखे असले तरी जमिनीवरचा बिंदू एक नसतो. दक्षिण महाराष्ट्रात हा फरक शंभर मीटरहून अधिक भरतो. रूपांतर न करता नकाशा प्रतिमेवर ठेवला तर काठावरचे घर नदीच्या पात्रात दिसते. गावनकाशांची गोष्ट याहून अवघड. ते साखळीने मोजून, गावापुरतेच काढलेले. त्यांवर अक्षांश-रेखांश नाहीत. एका गावचा नकाशा शेजारच्या गावाशी जोडायला गेले की शिवेवर कुठे फट पडते, कुठे दोन्ही गावे एकमेकांवर चढतात. प्रतिमेतील रस्त्यांचे फाटे, जुन्या विहिरी, देवळे, तीन शिवा मिळतात तिथले तिवड्यांचे दगड ओळखून नकाशा त्यावर ताणून बसवावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची दखल कुणी घेत नाही, आणि पुढच्या सगळ्या विश्लेषणाची विश्वासार्हता त्यावरच टेकलेली असते. गावठाणांसाठी आता ड्रोनने मोजणी करण्याची स्वामित्व योजना २०२० पासून देशभर राबवली जात आहे.

दोन विषयांचा मेळ तीन पायऱ्यांवर होतो. पहिल्या पायरीवर प्रतिमेतून काढलेला थर, उदाहरणार्थ जमीन-वापराचा, जीआयएसला पुरवला जातो. बहुतेक कामे इथेच थांबतात. दुसऱ्या पायरीवर प्रवाह उलटा होतो आणि जीआयएसमधील ज्ञान प्रतिमा वाचायला मदत करते. सह्याद्रीचे उदाहरण घ्यावे. प्रकाशीय उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातात. हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला, खाली असतो. कोकणाकडे तोंड केलेले कडे गडद सावलीत असतात. सावली आणि खोल पाणी प्रतिमेत सारखेच काळे दिसतात, त्यामुळे आपोआप केलेल्या वर्गीकरणात कड्यावर तलाव उगवतात. उंचीचा थर जोडला की चाळीस अंशांच्या उतारावर पाणी साचत नाही एवढी साधी गोष्ट संगणकाला सांगता येते आणि ती चूक निघून जाते. तिसऱ्या पायरीवर दोन्हीकडची माहिती एका गणिती प्रतिमानात एकत्र चालते. पूर, भूजल, दरड यांचे अभ्यास या पायरीवरचे.

या मेळाची खरी परीक्षा पुरात होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत हाहाकार माजवला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आकाश ढगांनी भरलेले असल्याने प्रकाशीय प्रतिमा निरुपयोगी होत्या. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात रडार प्रतिमांवरून पूरक्षेत्राचे नकाशे तयार झाले. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. शांत पाण्यावर पडलेले सूक्ष्मतरंग आरशावरून उडावेत तसे दुसऱ्या दिशेला निघून जातात आणि उपग्रहाकडे फारच थोडे परततात. म्हणून पाणी काळे दिसते. पुराआधीची प्रतिमा आणि पुरातली प्रतिमा यांची तुलना केली की नव्याने काळा झालेला भाग पूरक्षेत्र म्हणून वेगळा निघतो. त्यातून नदीचे नेहमीचे पात्र आणि तलाव वजा करावे लागतात, डोंगरांमुळे पडलेल्या रडारच्या सावल्या काढाव्या लागतात. या दोन्हींसाठी जीआयएसचे थर हवेत. त्यानंतर गावांच्या सीमा, रस्ते, दवाखाने आणि लोकसंख्येचा थर ठेवला की कोणती गावे वेढली गेली, कोणता रस्ता अजून चालू आहे, बोटी कुठे पाठवायच्या हे सांगता येते.

पण याच खोऱ्यात रडारच्या दोन मर्यादा ठळक होतात, आणि त्या दडपून ठेवणे घातक आहे. पहिली उसाची. ऑगस्टमध्ये आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. सेंटिनेल-१ सारख्या उपग्रहांचे सुमारे साडेपाच सेंटीमीटर लांबीचे तरंग उसाच्या पाचटा-पानांतच विखुरतात. त्याखाली साचलेल्या पाण्यापर्यंत ते नीट पोहोचत नाहीत. शेतात कमरेइतके पाणी असूनही प्रतिमेत ते शेत कोरडे दिसू शकते. दुसरी मर्यादा शहराची. पाण्याने भरलेल्या गल्लीत तरंग आधी पाण्यावर आणि मग भिंतीवर आदळून थेट उपग्रहाकडे परततात. तिथे प्रतिमा काळी होण्याऐवजी जास्तच उजळते. काळे तेवढे पाणी, एवढाच नियम लावला तर सर्वांत दाट वस्तीचा भाग पुराबाहेर राहतो. म्हणजे ज्या दोन ठिकाणी नुकसान सर्वाधिक, तिथेच नुसती प्रतिमा कमी सांगते.

ही उणीव भरून काढायला नदीवरची पातळीमापके आणि उंचीचा थर लागतो. पुलाजवळ पाणी किती फुटांवर होते हे दर तासाला नोंदलेले असते. उपग्रह मात्र काही दिवसांतून एकदा येतो आणि पुराचा कळस त्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये निघून जाऊ शकतो. पातळीमापकांच्या नोंदींवरून नदीच्या लांबीभर पाण्याची पृष्ठपातळी काढता येते, ती उंचीच्या थराशी छेदली की त्या क्षणी पाणी कुठवर पोहोचले असेल याचा अंदाज मिळतो. मात्र मोफत मिळणाऱ्या उंचीच्या थरांत काही मीटरची चूक असते, आणि ते झाडांचे नि इमारतींचे माथेही जमीन म्हणून मोजतात. सह्याद्रीच्या उतारावर तीन मीटरच्या चुकीने फारसे बिघडत नाही. सांगलीसारख्या सपाट काळ्या रानात तेवढ्या चुकीने पूररेषा शेकडो मीटर सरकते. म्हणून शेवटचा आधार पुन्हा जमिनीवरचाच: भिंतींवर राहिलेल्या गाळाच्या रेषा, गावकऱ्यांनी दाखवलेल्या पाण्याच्या खुणा, पंचनाम्यातील नोंदी. या सगळ्यांचा मेळ घातलेला नकाशाच भरवशाचा. पाटबंधारे खाते आखते त्या निळ्या रेषेत पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर धरलेला असतो आणि लाल रेषेत शंभर वर्षांतून एकदा येणारा. या रेषांवर बांधकामाची परवानगी ठरते. त्यामुळे त्यांच्यातली प्रत्येक मीटरची चूक कुणाच्या तरी घराच्या जागेची असते.

जुलै २०२५ मध्ये कक्षेत गेलेला निसार हा इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह या खोऱ्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. त्याच्या एका रडारच्या तरंगांची लांबी सुमारे २४ सेंटीमीटर आहे. लांब तरंग पानांतून अधिक खोल जातात, त्यामुळे उभ्या पिकाखालचे पाणी ओळखण्याची शक्यता वाढते.

भूजलात हा मेळ वेगळ्या रीतीने कामाला येतो, कारण तिथे शोध ज्याचा घ्यायचा ते पाणी उपग्रहाला दिसतच नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी साठते ते झिजलेल्या मुरमात, भेगांत, सांध्यांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. प्रतिमेत याची फक्त वरवरची चिन्हे दिसतात: भेगांशी निगडित असलेल्या लांब सरळ रेषा, एकाएकी काटकोनात वळणारे ओढे, गाळाने भरलेल्या दऱ्या, एप्रिलच्या रखरखाटातही हिरवा राहिलेला झाडांचा पट्टा. नंदुरबार-धुळे भागात लाव्हाच्या भिंती, म्हणजे डाइक, प्रतिमेत मैलोन्‌मैल ठळक दिसतात. त्या कुठे पाणी अडवतात, कुठे वाट देतात, हे मात्र जमिनीवर जाऊनच ठरवावे लागते. या चिन्हांवर उतार, माती, भूरचना यांचे थर ठेवले जातात आणि मग विहिरींच्या पातळीचा थर. १९७२च्या दुष्काळाच्या काळात स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. राज्य दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागलेले आहे आणि हिशेब गावाच्या नव्हे तर पाणलोटाच्या सीमेवर मांडला जातो, कारण पाणी महसुली सीमा ओळखत नाही. उपग्रह इथे शोधाचा परीघ लहान करतो. विहीर कुठे घ्यावी हे तो सांगत नाही. कुठे शोधू नये हे बऱ्याच खात्रीने सांगतो, आणि कोरड्या बोअरवर कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दरडींच्या बाबतीत काळ हा घटक निर्णायक होतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. उतार, मातीची जाडी, खडक, ओढ्यांपासूनचे अंतर, जमिनीच्या वापरात झालेले बदल असे थर एकत्र करून दरडप्रवण क्षेत्राचा नकाशा काढता येतो. तो कुठे हे सांगतो, केव्हा हे नाही. केव्हा हे पावसाच्या नोंदींतून येते, आणि घाटमाथ्यावर पर्जन्यमापके विरळ आहेत. प्रमाणाचाही प्रश्न आहे. १:५०,००० च्या नकाशावर शंभर मीटर लांबीची वाडी दोन मिलिमीटरची होते. तालुक्याचे नियोजन अशा नकाशावर करता येते; एखाद्या वाडीचे स्थलांतर ठरवायला त्याहून कितीतरी तपशीलवार नकाशा आणि जागेवरची पाहणी हवी.

पीकपाहणीत प्रतिमांचा क्रम महत्त्वाचा. एकाच दिवशीच्या प्रतिमेत कापूस, तूर आणि सोयाबीन जवळजवळ सारखेच हिरवे. पण सोयाबीन ऑक्टोबरमध्ये शेत सोडते, तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते, आणि एप्रिलमध्येही हिरवे राहिलेले रान बहुतेक उसाचे किंवा फळबागेचे. हंगामाचे हे स्थानिक गणित जीआयएसमध्ये घातले की वर्गीकरण सुधारते. त्यातही आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असे चार वयांचे ऊस एकाच तालुक्यात शेजारी-शेजारी असतात, हे परक्या मुलखात शिकवलेल्या संगणकाला कसे कळावे? महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणी या मोबाइल ॲपवर आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करतात. अशा जागेनिशी केलेल्या नोंदी म्हणजे उपग्रहाच्या वाचनाला मिळालेली प्रत्यक्ष साक्ष. त्या जितक्या खऱ्या, तितके वर्गीकरण खरे.

शहरी नियोजन, मालमत्ता कर, किनाऱ्याची धूप, वणवे, खाणी अशी उपयोगांची यादी आणखी लांबवता येईल. पद्धत सगळीकडे हीच.

साधने आता कुणाच्याही हाती आहेत. लँडसॅटचा संपूर्ण साठा २००८ पासून विनामूल्य झाला, त्यानंतर युरोपच्या सेंटिनेल प्रतिमाही. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून चालू आहे. क्यूजीआयएस ही मुक्त प्रणाली साध्या संगणकावर चालते. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत सरकारने भूस्थानिक माहितीवरील अनेक परवान्यांची अट काढून टाकली. महाविद्यालयातला विद्यार्थी आज जे विश्लेषण दुपारभरात करू शकतो, त्याला तीस वर्षांपूर्वी सरकारी प्रयोगशाळा लागत असे. या सोयीबरोबर एक धोका आला आहे: रंगीत नकाशा इतक्या सहज तयार होतो की तो बरोबर आहे का, हा प्रश्न मागे राहतो.

चूक थरांबरोबर वाढत जाते. चार थर प्रत्येकी नव्वद टक्के अचूक असले आणि त्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तर चारही एकाच जागी बरोबर असण्याची शक्यता सुमारे ६६ टक्केच उरते. थरांना दिलेले भार, म्हणजे उताराला तीस टक्के आणि मातीला वीस अशी वाटणी, हा बहुधा अभ्यासकाचा अंदाज असतो. संगणकातून बाहेर आल्यावर मात्र तोच अंदाज मोजमापासारखा दिसू लागतो. म्हणून प्रत्येक नकाशाबरोबर त्याची त्रुटी-सारणी हवी: जमिनीवर किती ठिकाणी जाऊन तपासले, ऊस म्हणून दाखवलेल्या किती जागी खरोखर ऊस निघाला, आणि किती ऊस नकाशातून सुटला. हे दोन आकडे वेगवेगळे असतात आणि दोन्ही सांगायला हवेत. प्रतिमेची तारीख, पिक्सेलचा आकार आणि मूळ नकाशाचे प्रमाण नसलेला नकाशा स्वीकारू नये.

याची सर्वांत गंभीर बाजू हक्कांच्या प्रश्नात दिसते. २००६च्या वन हक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबे दावा करू शकतात. त्या तारखेच्या आसपासची उपग्रह प्रतिमा आणि दाव्याच्या जागेची जीपीएस मोजणी एकावर एक ठेवून जमीन तेव्हा कसली जात होती की नाही हे पाहता येते, आणि अनेक दावेदारांना अशा प्रतिमांचा आधारही मिळू शकतो. पण साडेपाच गुंठ्यांच्या पिक्सेलमध्ये झाडांच्या सावलीतला नाचणीचा तुकडा उमटत नाही. एक वर्ष पडीक ठेवलेले वरकस रान प्रतिमेत झुडपी जंगल दिसते. मोजणीतल्या दहा-पंधरा मीटरच्या चुकीने लहान तुकडा पूर्णपणे शेजारच्या जंगलात जाऊन पडतो. प्रतिमेत शेत न दिसणे हा तिथे शेत नसल्याचा पुरावा होत नाही. २०१२ साली या कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि त्यात स्पष्ट लिहिले गेले की उपग्रह प्रतिमा व इतर तंत्रज्ञान पुराव्याच्या इतर प्रकारांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांची जागा घेणार नाही. वनजमिनीपुरता केलेला हा नियम पूररेषा, पीकविमा आणि दरडप्रवण गावांच्या याद्या तयार करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने आणि अधिकाऱ्याने आपल्या कामालाही लावून घ्यावा.